चेहरा जमतो, माणूस जमत नाही : पोर्ट्रेटबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की पोर्ट्रेट ओळखू आलं म्हणजे अर्धंच काम झालं, त्या माणसाचा स्वभाव, त्याच्या आत काय चाललंय ते पण चित्रात उतरायला पाहिजे. त्यावर नाशिकमधूनच इतके प्रश्न आले की सगळे इथे घेणं शक्य नाही, जे सारखे सारखे विचारले गेलेत ते घेतेय.

प्रश्न : ताई नमस्कार, मी पंचवटीत राहते, मुलं मोठी झाल्यावर परत ब्रश हातात घेतला. माझी पोर्ट्रेट्स ओळखू येतात, घरचे म्हणतात अगदी सेम टू सेम, पण मला ती पासपोर्ट फोटोसारखी वाटतात, त्यात ती व्यक्ती नाहीच असं वाटतं. आता एका वर्कशॉपची जाहिरात बघितली, इंट्युटिव्ह पोर्ट्रेट शिकवणार म्हणे, म्हणजे आधी डोळे मिटून समोरच्याची एनर्जी फील करायची आणि मग हात जाईल तसं रंगवायचं. असं खरंच होतं का? त्यासाठी काही दैवी देणगी लागते का?

उत्तर : देणगी वगैरे काही लागत नाही हो, आणि डोळे मिटून तर अजिबात नाही, पोर्ट्रेट करणाऱ्याने डोळे मिटले तर राहिलं काय? पण इंट्युशन म्हणजे सगळी थापच असंही मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षं चेहरे काढणाऱ्या माणसाला समोर कोणी येऊन बसलं की काहीतरी लगेच जाणवतं, हे माणूस अवघडलंय, किंवा हसतंय पण खांदे वर ओढलेत. ते कुठून वरून येत नाही, हजारो वेळा बघितल्यामुळे डोळ्याला लागलेली सवय असते ती, फक्त ती इतकी झटकन काम करते की आपल्यालाच वाटतं आतून आवाज आला.

आणि पहिल्या जाणिवेवर लगेच विश्वासही टाकू नका. 2006 साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विलिस आणि टोडोरोव्ह या दोघांनी प्रयोग केला होता, लोकांना अनोळखी चेहरा फक्त 100 मिलिसेकंद दाखवायचा, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, आणि विचारायचं हा माणूस विश्वासू वाटतो का, आक्रमक वाटतो का वगैरे. तेवढ्यात लोक मत बनवून मोकळे! जास्त वेळ दिला तरी मत साधारण तेच राहिलं, फक्त स्वतःच्या मतावरचा भरवसा वाढला. आता गंमत ही की मत पटकन झालं म्हणून ते बरोबर असतं असं कुठे आहे, जाड भुवया असलेला माणूस आपल्याला रागीट वाटतो आणि तो बिचारा लोण्याहून मऊ असतो. म्हणून मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलामुलींना सांगते की पहिल्या मिनिटात जे वाटलं ते कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा आणि मग कामाला लागा, तासाभराने परत वाचा, बऱ्याचदा ते खोडावं लागतं आणि जे नवीन सुचतं ना ते खरं आपल्या कामाचं.

मग आतलं माणूस सापडतं कसं तर वेळ देऊन आणि बोलतं करून. व्हिएन्नाच्या ऑस्कर कोकोश्काचं उदाहरण देते, 1909-10 च्या सुमारास त्याने जी पोर्ट्रेट्स केली त्यांनी युरोपात खळबळ उडवली होती. तो समोरच्याला पुतळ्यासारखं बसवायचाच नाही, हलू द्यायचा, बोलू द्यायचा, वाचत बसू द्यायचा, माणूस आपण चित्रासाठी बसलोय हे विसरला की मग त्याला हवं ते दिसायचं. मी पण हेच करते, चहा मागवते, घरच्यांची चौकशी करते, आणि खरं बघायचं असतं ते ब्रेकमध्ये, तुम्ही ब्रश खाली ठेवला की समोरचा लगेच सैल होतो, मान पडते, हात जसे पडायचे तसे पडतात. ते डोक्यात साठवून ठेवायचं.

नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले एक काका माझ्याकडे बसले होते. शर्ट कडक इस्त्रीचा, पाठ ताठ, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही, प्रश्न विचारला की हो किंवा नाही एवढंच उत्तर. चेहरा काढत बसले असते तर एक व्यवस्थित रिटायर्ड माणूस निघाला असता. पण त्यांचा उजवा अंगठा मांडीवर ठेवलेल्या हातातच तर्जनीवर सारखा फिरत होता, एक, थांबा, एक, थांबा, अगदी एका लयीत, आयुष्यभर कागदाचे ताव मोजलेला हात तो, त्यांना स्वतःला पत्ताही नव्हता. मी कॅनव्हास उभाच ठेवला पण चौकट खाली सरकवली, हात पूर्ण आत घेतले, उजेड हातावर जास्त आणि चेहऱ्यावर थोडा कमी. चित्र झाल्यावर काकू आल्या बघायला आणि चेहऱ्याकडे न बघता आधी म्हणाल्या, अगंबाई, हे झोपेतपण असंच करतात. मला तेवढं पुरलं.

तर तुम्ही एवढं करून बघा. चेहऱ्यापासून सुरुवात करू नका, आधी चारकोलने अख्ख्या माणसाची दोन-दोन मिनिटांची भरपूर स्केचेस करा, बसलाय कसा, वजन कुठल्या बाजूला टाकलंय, मान खांद्यातून कशी निघते. मानेत आणि खांद्यात जितका स्वभाव असतो तितका नाकात नसतो हे माझं ठाम मत आहे. मग चेहऱ्याच्या दोन बाजू वेगळ्या वेगळ्या बघा, एका हाताने अर्धा चेहरा झाकल्यासारखं करून, कुणाचाच चेहरा दोन्हीकडून सारखा नसतो आणि तुमच्या पोर्ट्रेटमध्ये मला पैजेवर सांगता येईल की तुम्ही दोन्ही डोळे सारखे केले असणार, दोन्ही ओठांचे कोपरे एका लेव्हलला आणले असणार, फोटो स्टुडिओवाला रिटचिंग करतो तसं. तिथेच माणूस निघून जातो. आणि रंग कमी घ्या. स्वीडनचा चित्रकार अँडर्स झोर्न यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), आयव्हरी ब्लॅक आणि व्हाइट एवढ्या चार रंगांच्या पॅलेटसाठी ओळखला जातो, काळ्यात पांढरा मिसळला की त्वचेच्या शेजारी तो चक्क निळसर दिसतो, करून बघाच. पॅलेटवर रंग कमी असले की डोकं रंग जुळवण्यात अडकत नाही आणि समोरच्याकडे बघायला मोकळं राहतं.

वर्कशॉपला जायचं असेल तर जा, चार लोकांत बसून रंगवणं कधी वाया जात नाही, पण तिथे समोर खरं माणूस बसवणार आहेत का आणि किती वेळ, एवढं आधी फोन करून विचारा.

प्रश्न : मॅडम, आमची आजी दोन वर्षांपूर्वी गेली. तिचं मोठं ऑइल पोर्ट्रेट करायचंय, मी स्वतः करणार आहे, पण फोटो एकच धड आहे, तो पण लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला. फोटोत आजी नुसती दिसते, ती जशी होती तशी नाही वाटत. फोटोवरून स्वभाव आणता येतो का? (गंगापूर रोड)

उत्तर : येतो, पण फोटोतून कमी आणि घरातल्या माणसांकडून जास्त. पहिलं म्हणजे तो फोटो ॲपमध्ये टाकून क्लिअर करून घेतला असेल तर त्याच्यावर काम करू नका. ती ॲप्स जिथे माहिती नसते तिथे आपल्या मनाने पापण्या, दात, सुरकुत्या भरतात, छान दिसतं पण ती तुमची आजी नसते, कुणाचा तरी सरासरी चेहरा असतो. धूसर असला तरी मूळ फोटोच बरा. आणि मोबाइलवर जवळून काढलेले सेल्फी असतील तर तेही जपून वापरा, हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं येतं आणि कान मागे जातात.

मग वही घेऊन बसा आणि घरातल्या एकेकाला वेगवेगळं गाठून विचारा, सगळे एकत्र असले की एकाच्याच सुरात सगळे बोलतात. स्वभाव कसा होता असं विचारू नका, त्याला उत्तर येतं प्रेमळ होती, आणि प्रेमळ रंगवता येत नाही. विचारा की आजी रिकामी बसली की हात कुठे असायचे? पदर कसा घ्यायची? चिडली की बोलायची का गप्प व्हायची? दारात कोणी आलं की आधी मान वळायची की आधी उठायची? हे सगळं रंगवता येतं.

तुमच्या लक्षात येईल की आत्याची आजी आणि आईची आजी या दोन वेगळ्या बायका आहेत, लेकीला दिसते ती आणि सुनेला दिसते ती. घाबरू नका, दोन्ही खऱ्या. पुण्याला बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी केलेली बालगंधर्वांची दोन मोठी चित्रं आहेत, एकात ते पुरुषवेशात आणि एकात स्त्रीभूमिकेत. नाटकाला जाल तेव्हा जरा लवकर पोचा आणि दोन्हींसमोर शांतपणे उभे रहा. एकाच माणसाचं सगळं एका चित्रात कोंबायचं नाही असं त्या मोठ्या चित्रकाराने ठरवलं असावं असं मला तिथे दरवेळी वाटतं. तुम्ही पण ठरवा की तुम्हाला कोणाची आजी रंगवायची आहे. माझा सल्ला विचाराल तर तुमची स्वतःचीच, नातवाला दिसायची ती, कारण तेवढीच तुम्ही डोळ्यांनी बघितली आहे.

उजेडाचाही विचार करा. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा धरलेल्या मुलीचं चित्र सगळ्यांनी कॅलेंडरवर बघितलंय, 1945-46 च्या आसपासचं जलरंगातलं काम, मूळ म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, समोर उभी होती ती त्यांची स्वतःची मुलगी गीता. त्यात हावभाव म्हणावा तर जवळजवळ काहीच नाही, सगळं काम दिव्यावर आडव्या धरलेल्या हाताने आणि बोटांतून झिरपणाऱ्या उजेडाने केलंय. तुमची आजी ज्या खिडकीशी, ज्या ओट्याशी, ज्या देवघरापुढे बसायची तिथला उजेड अजून घरात आहे ना, मग तिथे तिच्याच वयाच्या कुणाला तरी बसवा, तिचीच साडी नेसवा आणि त्या उजेडाचा अभ्यास करा. फोटोतला फ्लॅश त्याच्या जवळपासही जाणार नाही.

प्रश्न : ताई, मी सिडकोत राहते. माझ्या अगदी जवळच्या मैत्रिणीचं पोर्ट्रेट केलं, मला वाटलं माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम, तिला दाखवलं तर ती गप्पच झाली. म्हणाली, मी इतकी दुःखी दिसते का गं? आणि घेऊन गेली नाही. आता बोलते पण पहिल्यासारखं नाही. मी खरं तेच रंगवलं ना? मग चुकलं काय?

उत्तर : तुझा प्रश्न वाचून मला वाईट वाटलं, कारण यात दोघींचंही बरोबर आहे.

हे फार जुनं दुखणं आहे. 1954 मध्ये चर्चिलच्या ऐंशीव्या वाढदिवसाला ब्रिटिश पार्लमेंटने त्याचं पोर्ट्रेट ग्रॅहम सदरलंडकडून करून घेऊन भेट दिलं. खुर्चीत रुतलेला, थकलेला, चिडका म्हातारा. चर्चिलला ते अजिबात आवडलं नाही, आणि नंतर त्याच्या बायकोने ते नष्टच करून टाकलं. ज्यांना ते महान वाटलं ते अजून हळहळतात. वर कोकोश्काचं सांगितलं ना, त्याने 1910 मध्ये ऑगस्ट फोरेल नावाच्या स्विस मनोविकारतज्ज्ञाचं चित्र केलं, एक डोळा वेगळाच, हात आखडल्यासारखे. फोरेलकडच्यांना ते पटलं नाही, त्यांनी घेतलं नाही. पुढे फोरेलला पक्षाघाताचा झटका आला आणि लोक म्हणायला लागले की चित्रकाराने आधीच ओळखलं होतं! मला यात भविष्य दिसत नाही, म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यात आणि हातात जे होतं ते एका तीक्ष्ण नजरेने टिपलं, बाकीचं नंतर लोकांनी जोडलं.

आता तुझ्या मैत्रिणीचं. एक साधी गोष्ट अशी की ती स्वतःला रोज आरशात बघते, म्हणजे उलटं, आणि तू तिला सरळ बघतेस. 1977 सालचा एक अभ्यास आहे, त्यात लोकांना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींना सरळ. म्हणजे तिला तो चेहरा थोडा परकाच वाटणार, तू कितीही चांगला काढला तरी. शिवाय तासन्तास न हलता बसलं की कुणाच्याही गालांचे स्नायू ढिले पडतात, ओठांचे कोपरे खाली येतात, त्याला दुःख समजून रंगवणं ही नवशिक्यांची नेहमीची गफलत, तुझ्या चित्रात तेच झालंय का ते तू तपासून बघ.

पण समजा तसं नाही, समजा तिच्यात खरंच काही दुखतंय आणि तू ते बघितलंस. तरी मला विचारशील तर ते तिचं आहे, तिने तुला बोलून सांगितलेलं नाही. जवळच्या माणसाचं पोर्ट्रेट करताना आपल्याला त्याच्या घरात शिरायची परवानगी मिळते, कपाटं उघडायची नाही. मी काम अर्धं झालं की समोरच्याला दाखवतेच, बरेच चित्रकार दाखवत नाहीत आणि त्यांची कारणं मला माहीत आहेत, पण मी दाखवते, कारण त्या क्षणी त्याच्या तोंडावर जे येतं त्यातून मला पुढचं चित्र मिळतं, आणि त्यालाही कळतं की आपल्याबद्दल काहीतरी चाललंय त्यात आपला पण हात आहे. तू तिला घरी बोलव, चित्राबद्दल सफाई देऊ नकोस, तू दुःखीच आहेस हे पटवायला तर मुळीच जाऊ नकोस. फक्त विचार की तुला कसं काढलेलं आवडेल आणि परत एकदा बसतेस का. यावेळी गप्पा मारत मारत छोटी छोटी स्केचेस कर. पहिलं चित्र फाडू नकोस, भिंतीकडे तोंड करून ठेवून दे, आणि तिच्या परवानगीशिवाय प्रदर्शनात लावू नकोस, इन्स्टावर तर नाहीच नाही.

आपल्या वासुदेव कामतांना 2006 साली पोर्ट्रेट सोसायटी ऑफ अमेरिकेचा ड्रेपर ग्रँड प्राइझ मिळाला, जगभरातले दिग्गज त्यासाठी चित्रं पाठवतात. बक्षीस मिळालेलं चित्र कुणाचं, तर त्यांच्या बायकोचं. रोज समोर असलेल्या माणसाला तितक्या मायेने आणि तितक्याच नेमकेपणाने बघणं किती अवघड आहे ते तुला आता कळलं असेल.

प्रश्न : एका एक्झिबिशनमध्ये सोल पोर्ट्रेट करून घेतलं, माझा चेहरा न बघता फक्त हात हातात घेऊन त्यांनी रंग भरले आणि माझ्याबद्दल जे सांगितलं ते अगदी तंतोतंत बरोबर निघालं. बाहेरून खंबीर पण आतून हळवी, लोकांसाठी खूप करते पण कदर होत नाही. हे कसं कळतं त्यांना? (इंदिरानगर)

उत्तर : चित्र आवडलं असेल तर जरूर लावा भिंतीवर, रंग छान असतील तर ते छानच आहेत. पण कळण्याबद्दल सांगते. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं स्वतःचं म्हणून व्यक्तिमत्त्वाचं वर्णन दिलं. किती अचूक आहे याला पाचपैकी मार्क द्या म्हटलं, सरासरी आली 4.26. सगळ्यांना दिलेलं वर्णन एकच होतं, शब्द न शब्द तोच, आणि बरंचसं एका भविष्याच्या पुस्तकातून उचललेलं. तुम्हाला सांगितलेली दोन्ही वाक्यं शेजारच्या वहिनींना ऐकवून बघा, त्या पण म्हणतील अगदी माझंच.

त्या चित्रकर्तीने मुद्दाम फसवलं असं नाही म्हणत मी, तिलाही मनापासून तसं वाटत असेल. पण त्यावरून नोकरी, लग्न, औषधं यातलं काही ठरवू नका. आणि चेहरा न बघता केलेल्या चित्राला मी पोर्ट्रेट म्हणणार नाही.

प्रश्न : मी फाउंडेशनला (चित्रकलेच्या पायाभूत कोर्सला) आहे. डोळे बोलके कसे करायचे? माझे डोळे काचेचे दिसतात.

उत्तर : कारण तू पांढरा भाग पांढरा ठेवतोस! तो राखाडी असतो, वरच्या पापणीची सावली त्याच्यावर पडलेली असते, ती आधी टाक. डोळ्याभोवतीची रेघ काढून टाक, पापणीला जाडी असते ती दाखव. हायलाइट म्हणजे चमकेचा ठिपका सगळ्यात शेवटी, एकच, उजेड जिकडून येतो तिकडे. आणि नजर कुठे आहे ते आधी ठरव, दूर बघणाऱ्याची बुबुळं आणि समोरच्याकडे बघणाऱ्याची बुबुळं यात केसभराचा फरक असतो, तो चुकला की बाकी काहीही करून उपयोग नाही. एक महिना फक्त पेन्सिलीने घरातल्यांचे डोळे काढ, रंग नकोच.

प्रश्न : मॉडेल ठेवायला पैसे नाहीत, सरावाला नाशिकमध्ये कुठे जावं? (सातपूर)

उत्तर : बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो तिथे जा. शिवाजी तुपे सरांची घाटाची जलरंगातली चित्रं बघितली असतील तर ती जागा ओळखीचीच वाटेल, फक्त तुम्ही देवळांऐवजी माणसं काढायची. भाजी विकणारी बाई तासन्तास एकाच ठिकाणी बसलेली असते, गिऱ्हाईक आलं की वेगळी, गिऱ्हाईक भाव करून न घेता गेलं की वेगळी, पैसे मोजताना वेगळी, तुम्हाला फुकटात एका माणसाचे चार स्वभाव बघायला मिळतात. सार्वजनिक वाचनालयात पेपर वाचणारे आजोबा बसलेले असतात, ते हलतच नाहीत, लांबून काढा. सीबीएस बस स्टँडला गाडीची वाट बघणारी माणसं आहेत. सिंहस्थात सगळे साधूंच्या मागे धावतात, जटा भस्म रुद्राक्ष, चित्र लगेच उठून दिसतं हे खरं, पण बहुतेक वेळा आपण वेश रंगवून परत येतो आणि आतला माणूस तिथेच राहतो, त्यापेक्षा त्याच्या शेजारी चहाची किटली घेऊन उभा असलेला पोरगा काढा.

विचारून काढा मात्र. नाही म्हणाले तर वही बंद. हो म्हणाले तर काढून झाल्यावर दाखवाच, आणि मागितलं तर देऊन टाका, देण्याआधी मोबाइलवर फोटो तेवढा काढून ठेवा. भाजीवालीसमोर बसणार असाल तर सकाळी गर्दीच्या वेळी नको, दुपारी दोन-अडीचनंतर जा, आणि तिच्याकडून काहीतरी भाजी घेऊनच उठा.